ऐरण आणि फळा
नगर जिल्ह्यातील शाळांत हाताचे शिक्षण कसे आले, कोठे अडले आणि पुढे कसे जावे याविषयी काही विचार

विजापुरास जाणारा प्रवासी शेरजा बुरुजावरील मुलूख मैदान तोफ पाहिल्यावाचून परतत नाही. ही प्रचंड तोफ विजापूरची नव्हे, आपल्या नगरची आहे, हे मात्र तेथे जाणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसते. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, १५४९ साली, रूमी खान नावाच्या तुर्की कारागिराने ती नगरात ओतली. पुढे ती परांड्यास गेली व सतराव्या शतकात विजापूरकरांच्या हाती पडली. पंचावन्न टनांच्या आसपास वजनाचा एकसंध धातूचा ठोकळा ओतावयाचा म्हणजे तांबे व कथील यांचे प्रमाण, भट्टीची आच, साच्याची माती आणि रस थंड होण्याचा वेग या सगळ्यांचे नेमके ज्ञान हवे. ते ज्ञान सोळाव्या शतकात या गावात होते. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आसपासच्या गावांकडून जमिनीखालून शहरात पाणी खेळविणारे नहर बांधणारे हातही येथेच होते. उताराचा हिशेब चार बोटे चुकला तरी असे पाणी मध्येच अडते. ते शतकानुशतके अडले नाही, यावरून त्या गवंड्यांच्या मापाची कल्पना यावी.

तथापि या सर्व विद्येची शाळा नगरात झाली नाही. रूमी खानाची विद्या त्याच्या हातांत होती. ती कोणी मुलांस शिकविण्यासाठी लिहून ठेवली नाही. बापाने लेकास, उस्तादाने शागिर्दास जे दाखविले तेवढेच टिकले, आणि राजाश्रय गेला तेव्हा तेही पांगले. दुसऱ्या बाजूस पंतोजींच्या शाळेत मोडी, पावकी-निमकी व जमाखर्च चाले. तेथे ऐरणीचा आवाज कधी ऐकू आला नाही. घडविणाऱ्यास अक्षर येत नव्हते आणि अक्षर येणाऱ्यास घडविता येत नव्हते. आमच्या मते नगरच्याच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्राच्या शिक्षणाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोघांची गाठ घालून देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

आज हा प्रश्न नव्या नावाने आपल्यापुढे आला आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित हे चार विषय सुटे सुटे न शिकविता एकत्र, आणि प्रत्यक्ष काम करीत शिकवावे, या पद्धतीस ‘स्टेम’ म्हणतात. चार इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या कचेरीतून २००१ च्या सुमारास रूढ झाला. त्यामागील चिंता जुनी होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि अमेरिकेला आपल्या शाळांतील गणित-विज्ञानाची काळजी वाटू लागली; दुसऱ्याच वर्षी त्यांनी त्यासाठी कायदा करून पैसा मोकळा केला. आपल्याकडे हे नाव नवे असल्यामुळे गोष्टही नवी आहे असा समज होतो. तो खरा नाही. एखाद्या माध्यमिक शाळेत सर्व मुलांसाठी असा अभ्यासक्रम उभारावयाचा असेल, तर आपल्याच अंगणात काय काय घडून गेले ते प्रथम पाहिले पाहिजे.

दोन दरवाजे

नगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. सिंथिया फरार ही बाई १८३९ साली मुंबईहून येथे आली आणि १८६२ मध्ये येथेच वारली. तिच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या; त्यानंतर १८४८ साली पुण्यात त्यांनी स्वतःची शाळा काढली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले तेही नगरातच. म्हणजे अक्षराचा दरवाजा सर्वांना उघडण्याची पहिली किल्ली या गावातून पुण्यास गेली.

जोतीरावांचा विचार मात्र अक्षराशी थांबला नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले त्यात खेड्यातील मुलांना लिहिणे-वाचणे व हिशेब यांबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मिळावे, आणि सोय असेल तेथे नमुन्याच्या शेतावर प्रत्यक्ष पाठ द्यावेत, अशी मागणी आहे. शेतकऱ्याच्या मुलाने शाळेत जाऊन शेतीला विटावे, असे त्यांना नको होते. शेतीच अधिक शहाणपणाने करावी, असे हवे होते. शाळेचे शिक्षण आणि घरचे काम एकमेकांस धरून असले पाहिजे, हा विचार एका मराठी माणसाने इतक्या स्पष्टपणे सरकारदरबारी मांडला, त्यास आता एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशननेच नगरात एक औद्योगिक शाळा उभी केली. मुंबईचे गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीवरून तिला त्यांचे नाव मिळाले. सुतारकाम, धातूचे ठोकीव काम, पुढे गालिचे विणणे असे धंदे तेथे शिकवीत. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला तेव्हा अनाथ झालेली शेकडो मुले मिशनच्या आश्रयास आली, आणि या मुलांना पोटाचे साधन म्हणून हातचा धंदा देणे भाग झाले.

येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. गावात एका बाजूस मॅट्रिकची हायस्कुले होती. तेथून वकील, मामलेदार, मास्तर व कारकून निघत. दुसऱ्या बाजूस औद्योगिक शाळा होती. तेथून सुतार, विणकर निघत. पहिल्या दरवाजातून कोणाची मुले जात आणि दुसऱ्यातून कोणाची, हे सांगण्याची गरज नाही. औद्योगिक शाळेने हजारो हातांना काम दिले, तिचे उपकार मोठे आहेत. तरीही हाताचे शिक्षण हे अनाथांचे, गरिबांचे, खालच्या मानलेल्या जातींचे आणि पुस्तकाचे शिक्षण वरच्यांचे, ही आपल्या समाजातील जुनी वाटणी शाळेच्या रूपानेही कायम राहिली. रंधा मारणाऱ्या मुलास भूमिती कोणी शिकविली नाही आणि भूमितीत पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्या मुलाने गुण्या कधी हातात धरला नाही. दोघांचेही नुकसान झाले.

नगरचा माग केंटकीला

या दोन दरवाजांमधील भिंत एका माणसाने काही काळ तरी ओलांडली. त्याचे नाव डेव्हिड कॅरोल चर्चिल. हा अमेरिकन तरुण मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे आज जिला आपण ‘एमआयटी’ म्हणतो तेथे शिकलेला इंजिनियर. विसाव्या शतकाच्या आरंभी तो मिशनच्या कामासाठी नगरास आला. नगर व भिंगार ही तर विणकरांची गावे. साळी, पद्मशाली यांच्या घरोघरी माग. हाताने धोटा फेकून विणणाऱ्या विणकराचा वेग त्याच्या दोन हातांच्या पल्ल्याइतकाच असतो. इकडून फेकावयाचा, तिकडे झेलावयाचा, मग फणी ठोकावयाची. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हा वेग टिकत नव्हता, आणि दुष्काळ आला की सर्वांत आधी विणकर उपाशी पडे.

चर्चिलने या कामाकडे इंजिनियरच्या दृष्टीने पाहिले. विणकराच्या कोणत्या हालचालीत किती वेळ जातो, कोणती हालचाल यंत्राने व्हावी आणि कोणती हातानेच राहावी, कोणता भाग गावच्या सुताराला दुरुस्त करता येईल, असे प्रश्न त्याच्यापुढे होते. त्यातून वेगाने चालणारा, तरीही माणसाच्या बळावरच चालणारा एक सुधारलेला हातमाग तयार झाला. तो ‘चर्चिल माग’ या नावाने देशात ओळखला गेला. आज ज्याला आपण स्टेम म्हणतो त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. गतीचे शास्त्र, लाकूड-लोखंडाचे तंत्र, यंत्राची रचना आणि वेळेचे गणित ही चारही अंगे त्या एका मागात एकत्र आली होती. आणि प्रश्न कोठल्या पुस्तकातील नव्हता, शेजारच्या गल्लीतील होता.

पुढे काय झाले, ते अधिक बोधप्रद आहे. चर्चिल अमेरिकेस परत गेला. १९२२ साली केंटकी प्रांतातील बेरिया या गावी त्याने व त्याच्या पत्नीने हातमागाचा कारखाना काढला. ‘चर्चिल वीव्हर्स’ हा कारखाना २००७ पर्यंत, म्हणजे पंचाऐंशी वर्षे चालला, आणि अमेरिकेतील नामांकित हातमाग कारखान्यांत त्याची गणना होती. नगरच्या गल्लीत जी विद्या पिकली ती केंटकीच्या डोंगरात जाऊन रुजली. नगरच्या शाळांत मात्र ती अभ्यासाचा विषय झाली नाही. ज्या हायस्कुलांत मुले पुस्तकातून गतीचे नियम शिकत होती, त्यांना आपल्याच गावात त्या नियमांवर एक माग बेतला गेला आहे, हे शिकविण्याची कोणास आठवण झाली नाही. याचा दोष आम्ही चर्चिलवर ठेवीत नाही. एका कुशल माणसावर उभे राहिलेले काम तो माणूस गेल्यावर थांबते; ते चालू ठेवावयाचे तर शाळेच्या वेळापत्रकात, शिक्षकांच्या तयारीत आणि परीक्षेत त्याला जागा मिळावी लागते. रूमी खानाच्या वेळी जे झाले तेच चर्चिलच्या वेळी झाले.

टकळी, किल्ला आणि तुकडी

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली. एखादा हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवून त्याच्या द्वारेच भाषा, गणित, विज्ञान शिकवावे, ही ती कल्पना. कापसाच्या बोंडापासून सुताच्या लडीपर्यंत जाताना वनस्पतिशास्त्र, वजनमापे, त्रैराशिक, भूगोल सर्व काही येते, हे खरेच आहे. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाने ही पद्धत उचलली व स्वातंत्र्यानंतर ती पसरलीही. परंतु तिचा आत्मा शाळेत पुरता पोहोचला नाही. टकळीचा तास वेगळा आणि गणिताचा तास वेगळा पडला. सूत काढताना पीळ का बसतो, हे कोणी विचारले नाही आणि गणितात सुताचे उदाहरण आले नाही. शहरातील पालकांनी आपली मुले इंग्रजी शाळेत घातली व टकळी खेड्यातील मुलांकडे राहिली. दोन दरवाजे पुन्हा तयार झाले.

याच सुमारास नगरच्या भुईकोट किल्ल्यात एक ग्रंथ लिहिला जात होता. १९४२ च्या ऑगस्टपासून पंडित नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आदी नेते तेथे स्थानबद्ध होते. किल्ल्यातील दगडाळ जमीन खणून त्यांनी फुलझाडे लावली, आणि १९४४ साली नेहरूंनी तेथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला. वैज्ञानिक मनोवृत्ती या कल्पनेस आपल्या देशाच्या सार्वजनिक भाषेत जे स्थान मिळाले, त्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. पुढे १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही मनोवृत्ती वाढविणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत लिहिले गेले. अनुभवाला जुमानावे, पुरावा मागावा, पुरावा बदलला की मत बदलावे, एवढाच तिचा साधा अर्थ. ती पाठ करून येत नाही. ज्या मुलाने स्वतः माप घेतले, ते चुकले, पुन्हा घेतले आणि मग बरोबर आले, त्याच्याच अंगी ती बाणते.

स्वातंत्र्यानंतर दोन आयोगांनी या प्रश्नाचा विचार केला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचविल्या. त्यातून काही हायस्कुलांत तांत्रिक शाखा आल्या. त्यांचा फायदा झाला, पण तो एका तुकडीपुरता. ‘टेक्निकलची पोरे’ वेगळी ओळखली जाऊ लागली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मात्र मुळाला हात घातला. दहावीपर्यंत विज्ञान व गणित सर्व मुलांना, आणि त्यांच्या जोडीला सर्वांना कार्यानुभव, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्रात नव्या दहा वर्षांच्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. विज्ञान व गणित सर्वांना मिळाले, ही मोठीच गोष्ट होय. कार्यानुभव मात्र खडूच्या पेट्या, कागदी फुले आणि वहीतील श्रेणी एवढ्यावर आला. ज्या विषयाला बाहेरची परीक्षा नाही त्याला शाळेत मान नाही, हा आपल्याकडील अलिखित नियम त्याला नडला.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचा येथे उल्लेख केला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात तिच्या शाळांचे जाळे आहे. ‘कमवा आणि शिका’ या तिच्या परंपरेने एक काम निश्चित केले: श्रम करणारा हात आणि पुस्तक धरणारा हात एकाच विद्यार्थ्याचे असू शकतात, हे हजारो घरांना पटविले. श्रमाची लाज गेली. श्रमातले शास्त्र शिकविण्याची पायरी त्यानंतरची होती.

पाबळचा धडा

ती पायरी आपल्या शेजारी चढली गेली. पारनेर तालुक्याच्या पलीकडे, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ हे अवर्षणाचे गाव आहे. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टर. म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेत व नंतर हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रात त्यांनी वरिष्ठ पदांवर काम केले, मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली आणि पत्नी मीराबाईंसह ते खेड्यात राहावयास गेले. जे. पी. नाईक व चित्रा नाईक यांनी वाढविलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे छत्र त्यांना लाभले.

त्यांचा विचार सोपा होता. मूल चालावयास, बोलावयास शिकते ते करून शिकते. शाळेत आल्यावरच ही नैसर्गिक रीत का सोडावी? म्हणून त्यांनी माध्यमिक शाळेसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार केला आणि १९८७ साली शालान्त परीक्षा मंडळाने त्यास मान्यता दिली. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक पूर्ण दिवस कामाला द्यावयाचा, म्हणजे शाळेच्या वेळेचा पाचवा हिस्सा. कामाची चार दालने: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलगे व मुली सर्वांनी चारही दालनांत काम करावयाचे. मुलीने वेल्डिंग करावे आणि मुलाने स्वयंपाकातले अन्नशास्त्र शिकावे, यात तेथे कोणास नवल वाटत नाही.

या योजनेतील एक उदाहरण आम्ही थोडे विस्ताराने देतो, कारण सारी पद्धत त्यात दिसते. अवर्षणाच्या मुलखात शेतकरी विहीर कोठे खणावी म्हणून पाणाड्याला विचारतो. पाबळच्या मंडळींनी जमिनीची विद्युत्-रोधकता मोजण्याचे साधन वापरात आणले. एका रेषेत चार खुंट्या जमिनीत ठोकावयाच्या. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडावयाची आणि आतल्या दोहोंमधील दाब मोजावयाचा. खुंट्यांमधील अंतर वाढविले की वीज अधिक खोलवरून जाते. कोरडा अभंग खडक विजेला अडवितो, पाणी धरणारा भुसभुशीत थर तिला वाट देतो. आकड्यांचा आलेख काढला की कोणत्या खोलीवर पाणी असण्याचा संभव आहे, त्याचा अंदाज करता येतो. ओहमचा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे. येथे त्याच नियमावर एका कुटुंबाचा आयुष्यभराचा पैसा पणास लागलेला असतो. जो विद्यार्थी त्या शेतात उभा राहून आकडे टिपतो, त्याला दशांशचिन्ह एक घर चुकले तर काय होते, हे सांगावे लागत नाही.

हीच गोष्ट मातीच्या परीक्षणाची, रक्तातील हिमोग्लोबिन मोजण्याची, फेरोसिमेंटची टाकी बांधण्याची. प्रत्येक काम गावातील कोणाला तरी हवे असते, आणि त्याबद्दल तो थोडे मोलही देतो. त्यामुळे सामानाचा खर्च काही अंशी भरून निघतो आणि कामही खोटे राहात नाही. शिकविण्यासाठी गावातीलच कुशल माणसे घ्यावीत, पदवीची अट घालू नये, हा कलबागांचा आग्रह होता. गावचा लोहार शाळेत गुरुजी म्हणून आला. जुन्या काळी ज्याला शाळेच्या पायरीवर उभे राहू दिले नसते, त्याच्यापुढे पाटलाचा व ब्राह्मणाचा मुलगा शिकण्यासाठी उभा राहिला. आमच्या दृष्टीने ही सामाजिक घटना तांत्रिक यशाहून लहान नाही.

आणखी एक योग पाहण्यासारखा आहे. २००२ साली पाबळास ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकाच्या आज्ञेवर वस्तू कापणारी, कोरणारी यंत्रे असलेली ही कर्मशाळा अमेरिकेबाहेरच्या पहिल्यांपैकी एक होय. तिच्यामागे एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड होते. शंभर वर्षांपूर्वी ज्या संस्थेचा पदवीधर नगरात माग सुधारीत होता, त्याच संस्थेचे प्राध्यापक शेजारच्या तालुक्यात खेड्यातील मुलांकडून शिकावयास आले. कलबाग २००३ साली वारले. या वेळी मात्र काम थांबले नाही. अभ्यासक्रम लिहिलेला होता, मंडळाची मान्यता होती, शिकविणारे तयार झाले होते. अनेक शाळांनी तो विषय उचलला. चर्चिल आणि कलबाग यांच्यातील फरक बुद्धीचा नव्हता. एकाचे काम शाळेत रुजले होते, दुसऱ्याचे नव्हते.

काचेच्या दाराआडची प्रयोगशाळा

आता वर्तमानाकडे येऊ. केंद्र सरकारच्या नीती आयोगाने २०१६ साली अटल इनोव्हेशन मिशन सुरू केले. त्याखाली निवडलेल्या शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्रिमिती छपाईयंत्र, संवेदक, विजेची हत्यारे असलेली प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या मुलांसाठी उभी राहते. देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या असून २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ काम शिकण्यास सांगितले आहे. अक्षराला आणि ऐरणीला एका छताखाली आणण्याची एवढी साधने पूर्वी कधीच नव्हती.

परंतु इतिहास आपल्याला एक धोका दाखवितो. प्रयोगशाळेला काचेचे दार बसते, दाराला कुलूप लागते, किल्ली एका उत्साही शिक्षकाकडे राहते, आणि स्पर्धेसाठी निवडलेली दहा-बारा हुशार मुले आत जातात. पाहुणे आले की यंत्रमानव चालतो. बाकीची सातआठशे मुले काचेतून पाहतात. म्हणजे दोन दरवाजे पुन्हा उघडले. फरक इतकाच की पूर्वी हत्यारे गरिबांच्या वाट्याला होती, आता ती निवडक हुशारांच्या वाट्याला गेली.

म्हणून सबंध शाळेसाठी कार्यक्रम उभारणाऱ्या मुख्याध्यापकांनी व संस्थाचालकांनी यंत्रांच्या यादीपासून सुरुवात करू नये. पहिला प्रश्न वेळापत्रकाचा आहे. प्रत्येक तुकडीला, सर्वांत मागच्या तुकडीलाही, आठवड्यात सलग तीन-चार तास कामाचे मिळतात काय? पस्तीस मिनिटांच्या तासात करवत काढून परत ठेवण्यापलीकडे काही होत नाही. दुसरा प्रश्न शिक्षकांचा. विज्ञानाचे, गणिताचे आणि चित्रकलेचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसून एकच काम तिन्ही विषयांत कसे येईल ते ठरवितात काय? बाहेरचा गवंडी, वायरमन, फिटर, माळी यांना शाळेत मानाने बोलाविले जाते काय? तिसरा प्रश्न मोजणीचा. ज्याला गुण नाहीत ते टिकत नाही, हे कार्यानुभवाने शिकविले. मुलाने केलेली वस्तू, त्याने ठेवलेली नोंदवही आणि त्याची चूक त्याने कशी शोधली, या तिहींना गुण असावेत.

प्रश्न कोठून आणावयाचे, याची चिंता नगर जिल्ह्याने करू नये. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असा हा चौदा तालुक्यांचा जिल्हा आहे. अकोल्यास कळसूबाईच्या पायथ्याशी धो धो पाऊस आणि पूर्वेकडे पर्जन्यछायेतली कोरडी जमीन; एकाच जिल्ह्यात दोन हवामाने. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर प्रवराकाठी ऊस आला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्या उसातील साखरेचा उतारा कसा काढतात, कालव्याच्या पाण्याने जमीन खारावते ती का, हे त्या काठच्या शाळेचे विज्ञान होय. हिवरे बाजार गावाने १९९० नंतर पावसाचे व विहिरींचे माप ठेवून, त्या हिशेबाने ग्रामसभेत पिके ठरविण्याची रीत घातली. शेतीसाठी कूपनलिका घेणे बंद केले. साधी बेरीज-वजाबाकी एका गावाचे नशीब बदलू शकते, याचा तो पुरावा आहे. मग प्रत्येक हायस्कुलाच्या आवारात एक पर्जन्यमापक का नसावा, आणि त्याची रोजची नोंद पाचवीच्या मुलापासून दहावीच्या मुलीपर्यंत पाळीपाळीने का ठेवली जाऊ नये? यास वीस लाख रुपये लागत नाहीत. दहा वर्षांनी त्या वहीतून जे गणित निघेल ते गावाच्या उपयोगी पडेल.

काहीजण म्हणतील की यामुळे दहावीचा निकाल खाली येईल. पालकांची ही भीती आम्ही तुच्छ लेखीत नाही. गरीब घराला शालान्त परीक्षेचा कागद हाच एक आधार असतो. पण ज्याने जमिनीत खुंट्या ठोकून दाब मोजला त्याला ओहमचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही, आणि ज्याने छपराची कैची स्वतः जोडली त्याला त्रिकोण का वाकत नाही, हे विसरता येत नाही. हाताने केलेले डोक्यात राहते. वेळ जातो तो करण्यात नव्हे, न समजलेले पुन्हा पुन्हा घोकण्यात.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती शाळा सोडलेल्या मोठ्या माणसांसाठी. शाळेविषयीचे विचार म्हणूनच येथे मांडावयाचे. कारण शाळा शेवटी गावाच्या इच्छेने चालते. या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. ज्या बाईचा जन्म याच जिल्ह्यात चौंडी येथे झाला आणि जिच्या घाट-विहिरींचे दगड आजही जागचे हललेले नाहीत, तिचे नाव घेणाऱ्या गावांनी चांगल्या बांधकामाची चाड ठेवावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे. पुढील पालकसभेत टक्केवारीचा प्रश्न अवश्य विचारावा. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा: या आठवड्यात आपल्या शाळेतील किती मुलांनी स्वतःच्या हाताने काही मोजले, काही बनविले? उत्तर ‘सर्वांनी’ असे येत नाही तोवर तो प्रश्न दरवर्षी विचारीत राहिले पाहिजे.